बायकांच्या गटासाठी टॅरो डेक : कोणता घ्यावा आणि कसा वापरावा?

ओवी_ठाणे

मदरपीस टॅरो डेक इथे कोणी वापरलाय का? आमच्या पाचपाखाडीतल्या बायकांच्या गटात तो बराच काळ आहे. सारखा हाताळून कडा सुटायला लागल्यात. नवा घ्यायचा तर हाच घ्यावा की दुसरा, यावरून गटात दोन तट पडलेत. म्हणून धागा काढतेय. पण फक्त खरेदीची चौकशी करायची नाहीये. हा डेक बायकांनी एकत्र बसून उघडला की काय होतं, ते मला जरा सविस्तर लिहायचंय.

टॅरो माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: एकूण ७८ कार्डं. त्यातली २२ 'मेजर आर्काना', म्हणजे सम्राज्ञी, न्याय, मृत्यू, चंद्र, सूर्य अशी मोठी चित्रं. उरलेली ५६ आपल्या पत्त्यांसारखी चार रंगांत: काठ्या, पेले, तलवारी, नाणी. जन्म पंधराव्या शतकात उत्तर इटलीच्या दरबारांत झाला, आणि तोही खेळायचे पत्ते म्हणून. त्यावरून भविष्य सांगणं रूढ झालं ते अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. आम्हीही भविष्य बघत नाही. 'माझं लग्न कधी होईल', 'त्याच्या मनात काय आहे' असले प्रश्न आमच्याकडे बंद आहेत.

मदरपीस काढला कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या विकी नोबल आणि कॅरन व्होगेल या दोघींनी. १९७० च्या दशकाच्या शेवटी काम सुरू झालं, १९८१ मध्ये डेक छापून आला. कार्डं चक्क गोल. राजा, राणी, घोडेस्वार, गुलाम ही उतरंड काढून टाकून त्यांनी मुलगी, मुलगा, पुजारीण आणि शामन (आदिवासी समाजातला वैदू-भगत) असे चार आणले. जुन्या डेकमध्ये नवव्या कार्डावर कंदील धरलेला एकटा म्हातारा असतो, इथे म्हातारी आहे. २०१७ मध्ये दिओर या फ्रेंच फॅशन कंपनीने ही चित्रं आपल्या कपड्यांवर घेतली तेव्हा हा डेक नव्याने चर्चेत आला. त्याच्याबरोबर आमच्याकडे नेहमीचा, १९०९ सालचा रायडर-वेट डेकही आहे. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बसतो.

आता मुद्दा. गटात निवृत्त शिक्षिका आहेत, बँकेतली एक आहे, नोकरी सोडून घरी असलेली एक इंजिनिअर आहे, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एक मावशी आहेत आणि त्यांची सूनही येते. पूर्वी 'आज मनातलं बोलूया' असं ठरवून बसायचो तेव्हा बोलायच्या त्या दोघीतिघीच. बाकीच्या उठून चहाचं बघायच्या. सासू समोर बसलेली असताना सुनेने घरचा विषय काढायचा कसा? काढलाच तर 'हिला हेच बोलायचं होतं' असा ठपका बसतो. कार्ड ओढल्यावर विषय तिने काढलेला नसतो, पत्त्याने काढलेला असतो. तलवारची तिर्री आली, काळजात तीन तलवारी घुसलेल्या, की त्यावर काहीतरी बोलावंच लागतं. शिवाय पत्ता सगळ्याच ओढतात, म्हणून पाळीही सगळ्यांना मिळते. मला या डेकचं खरं बळ इथे दिसतं. बाईला तोंड उघडायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि उघडलं म्हणून दोषही लागत नाही.

एक प्रसंग दोघींना विचारून लिहितेय. सुनेने तलवारची अठ्ठी ओढली. हे चित्र रायडर-वेट डेकमधलं: डोळ्यांवर पट्टी, अंगाला दोर गुंडाळलेला, भोवती जमिनीत रोवलेल्या आठ तलवारी. आमची इंजिनिअर म्हणाली, हिचे पाय मोकळे आहेत, मनात आणलं तर चालत निघून जाईल. बहुतेक पुस्तकांत हाच अर्थ असतो. मावशी सातवीपर्यंत शिकलेल्या. त्या चित्र जवळ घेऊन बघत राहिल्या आणि म्हणाल्या, पायाखाली बघा की, सगळा चिखल आहे, पाणी साचलंय. डोळे बांधलेली बाई त्यात पाऊल टाकेल का? आणि बांधणारे गेले कुठे? ते तर चित्रात नाहीतच.

यावर सून बोलायला लागली. केंद्राचे निम्मे डबे ती करते, पण पैसे ज्या खात्यात जातात तिथे तिचं नाव नाही, हे तिने पहिल्यांदा मोठ्याने सांगितलं. मावशींनी मधे एक शब्द टाकला नाही. नंतर दोघी मिळून बँकेत गेल्या आणि सुनेच्या नावाने खातं उघडलं. 'पाय मोकळे आहेत' हा पुस्तकी अर्थ मला त्या दिवसापासून अपुरा वाटतो. बाईला 'तूच स्वतःला बांधून घेतलंयस' असं सांगणं फार सोपं असतं. सक्षमीकरणाच्या नावाने छापलेल्या कितीतरी डेकच्या पुस्तिका नेमकं तेच सांगतात. सगळं तुझ्या आत आहे, तू फक्त जागी हो. आत आहे हे कबूल, पण खातं बँकेतच उघडावं लागतं.

तर प्रश्न असे: मदरपीसच पुन्हा घ्यावा का? स्त्रीकेंद्री म्हणून मिळणाऱ्या नव्या डेकमध्ये काय पारखून घ्यावं? दुकानांत बघते तर बहुतेकांत प्रत्येक कार्डावर एकच बाई असते, तीही पंचविशीची, सडपातळ आणि केस वाऱ्यावर उडणारे. आमच्यातल्या एकीलाही त्यात स्वतःचा चेहरा सापडत नाही.

---

कुंचला

ओवी, सुरेख लिहिलंय. मी चित्रकार आहे, सीवूड्सला राहते. एका गोष्टीवर मात्र थांबले. तुम्ही 'रायडर-वेट' लिहिलंत. सगळेच तसं लिहितात, पण त्या डेकवरच्या प्रत्येक रेषेची मालकीण वेगळी आहे आणि स्त्रीकेंद्री टॅरोबद्दल बोलताना तिचं नाव पहिलं यायला हवं: पामेला कोलमन स्मिथ.

जन्म १८७८, लंडन. आईवडील अमेरिकन. बालपण मँचेस्टर आणि जमैकात, चित्रकलेचं शिक्षण न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये. नाटक कंपनीबरोबर फिरली, नेपथ्य केलं, जमैकाच्या लोककथा सांगायची. न्यूयॉर्कमध्ये छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झने आपल्या छायाचित्रांच्या गॅलरीत १९०७ मध्ये पहिल्यांदा छायाचित्रं सोडून दुसरं काही लावलं, ती हिची चित्रं. १९०९ मध्ये गूढविद्येवर लिहिणाऱ्या आर्थर वेटने तिला टॅरोचं काम दिलं. काही महिन्यांत ८० चित्रं काढून दिली आणि स्टिग्लिट्झला कळवलं की काम मोठं होतं, पैसा अगदी थोडा मिळाला. डेकला नाव लागलं प्रकाशक रायडरचं आणि वेटचं. तिला रॉयल्टी नाही. १९५१ मध्ये कॉर्नवॉलमध्ये वारली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. त्यानंतर त्याच डेकच्या प्रती जगभर खपत राहिल्या.

आता तिने काय केलं ते बघा. त्याआधीच्या बहुतेक डेकमध्ये छोटी ५६ कार्डं म्हणजे नुसत्या खुणा. पाच पेले असतील तर पाच पेले काढायचे आणि संपलं. तिने त्या प्रत्येक कार्डावर माणसं आणली, प्रसंग आणला. तुमच्या मावशींना चिखल दिसला तो तिने रंगवला म्हणून दिसला. तुमच्या जवळजवळ सगळ्या कार्डांवर कोपऱ्यात वेलांटीसारखी एक खूण असेल, भिंग घेऊन बघा. ती तिची सही आहे. डेकच्या नावात ती आली नाही, पण चित्रावर तिने आपलं नाव सोडलं नाही. इंग्लंडमध्ये बायकांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या चित्रकारांच्या गटासाठीही ती काम करत होती. म्हणून मी 'रायडर-वेट-स्मिथ' म्हणते आणि समोरच्यालाही म्हणायला लावते.

तशीच दुसरी लेडी फ्रिडा हॅरिस. थॉथ या दुसऱ्या प्रसिद्ध टॅरो डेकची चित्रं तिने १९३८ ते १९४३ अशी पाच वर्षं खपून केली. डेक धड छापला गेला १९६९ मध्ये. ती १९६२ मध्येच गेली होती.

पारखण्याबद्दल: डेक घेताना आधी चित्रकार कोण ते बघा. खोक्यावर तिचं नाव ठळक आहे का, की फक्त 'गुरू' किंवा लेखकाचं आहे? बायकांना बळ देणाऱ्या डेकवर चित्र काढणाऱ्या बाईचंच नाव नसेल तर तो मी हातात घेत नाही.

---

तर्कसंगत

धागा वाचला. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला आहे यात शंका नाही, तरीही काही गोष्टी नोंदवतो.

१७८१ मध्ये कूर द जेबलां नावाच्या फ्रेंच पाद्र्याने जाहीर केलं की टॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तच्या ज्ञानग्रंथाची उरलेली पानं आहेत. तोपर्यंत इजिप्तची चित्रलिपी कोणाला वाचताच येत नव्हती, तो उलगडा १८२२ चा. म्हणजे टॅरोच्या 'गूढ विद्ये'चा पायाच कपोलकल्पित. दुसरं, बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'हे खास तुझं वर्णन' म्हणून एक कागद दिला. कागद सगळ्यांना एकच होता, वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातली. विद्यार्थ्यांनी त्याला ५ पैकी सरासरी ४ च्या वर गुण दिले. 'अगदी माझंच वर्णन' हे कार्डावर वाटतं त्यामागे हेच आहे.

तुम्ही भविष्य बघत नाही हे वाचून बरं वाटलं. पण मग कार्डंच कशाला? चांगले दहा प्रश्न लिहून काढा आणि चिठ्ठ्या टाका. आज आत्मशोधासाठी कार्ड, उद्या त्याच कार्डावर मुहूर्त. या महाराष्ट्रात डॉ. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, त्यानंतर कुठे जादूटोणाविरोधी कायदा झाला. हे विसरून टॅरोला पुरोगामी कपडे चढवले जाऊ नयेत असं मनापासून वाटतं.

---

ओवी_ठाणे

तर्कसंगत, इतिहासाबद्दल पूर्ण सहमत. फोररचा प्रयोग पुढच्या बैठकीत सांगणार आहे, सगळ्यांना तो माहीत असायलाच हवा.

चिठ्ठ्यांचं म्हणाल तर आम्ही करून बघितलंय. 'तुमच्या आयुष्यातला कठीण निर्णय कोणता?' अशी चिठ्ठी आली की बाई शाळेतल्यासारखं उत्तर द्यायला लागते. प्रश्न थेट तिच्याकडे बोट दाखवतो. चित्रात दुसरीच बाई असते, म्हणून तिच्याबद्दल बोलता येतं. 'ही घाबरलेली दिसतेय' म्हणता म्हणता कधीतरी 'मी' येतो, आणि नाही आला तरी चालतं. आणखी एक: प्रश्न लिहायला शिकलेली बाई लागते आणि वाचायलाही. चित्रापुढे शिक्षिका आणि मावशी सारख्याच. उलट मावशींची नजर आमच्यापेक्षा तयार आहे.

पुस्तिका आम्ही कपाटात ठेवलीय. अर्थ सांगणारी कोणी नाही, म्हणजे फोररच्या कागदासारखं 'तुझं वर्णन' देणारंही कोणी नाही.

---

पारसिकवारा

वाचतेय. बेलापूर-नेरूळ बाजूला असा गट आहे का? ट्रान्सहार्बर लोकलने ठाण्याला येणं शनिवारी जमेल, पण इकडे असेल तर आणखी दोघी येतील.

---

समुपदेशक_खारघर

मी बायकांसोबत समुपदेशनाचं काम करते. ओवींनी लिहिलेली 'दुसरीच बाई' ही गोष्ट आमच्या कामात रोज दिसते. चित्र किंवा बाहुली समोर ठेवून बोलणं हे अनेक समुपदेशक करतात. लिहिण्याबद्दलही सांगते. जेम्स पेनेबेकर यांचा १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. विद्यार्थ्यांना ओळीने चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक अनुभवाबद्दल लिहायला सांगितलं. पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. तेव्हा कार्ड ओढल्यावर लगेच बोलण्याआधी दहा मिनिटं वहीत लिहू द्या. ज्यांना लिहायचं नाही त्यांनी नुसतं चित्र बघत बसावं. गप्प राहणाऱ्या बाईला याचा फार आधार होतो.

काळजीची गोष्ट अशी, की पत्त्याने काढलेला विषय कधी कधी गटाला पेलणारा नसतो. त्यासाठी काही गोष्टी आधीच ठरलेल्या हव्यात. आजार, गरोदरपण, कोर्टातली केस यांवर कार्ड ओढायचं नाही. हजर नसलेल्या माणसासाठी ओढायचं नाही. बोललेलं खोलीबाहेर जाणार नाही, आणि हे दर वेळी म्हणून घ्यायचं, कारण सासू-सून, जावा-जावा एकाच गटात असतील तर घरी परतल्यावर काय होतं ते आपल्याला दिसत नाही. 'बोलायचं नाही' म्हणून कार्ड खाली ठेवायचा हक्क प्रत्येकीला असायलाच हवा.

एखादी मारहाणीबद्दल बोलली तर कार्डं ताबडतोब बाजूला ठेवा. त्या क्षणी चित्राचा अर्थ लावत बसणं तिच्यावर अन्याय आहे. महिला हेल्पलाइन १८१ आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, तक्रार त्यांच्याकडे करता येते आणि ती तिच्या वतीने दुसरं कोणीही कळवू शकतं. जगणं नकोसं झालंय असं कोणी बोललं, किंवा कुणाची झोप आणि जेवण तुटलंय असं दिसलं, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या. फोन फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. नंबर नुसता देऊ नका, शेजारी बसून लावून द्या.

---

मोगरा_कळवा

माझ्या मावशीचा अनुभव लिहिते. नाव कुणाचंच देत नाही. काका गेल्यावर तिने मोबाइलवर एका टॅरो रीडरचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. सगळं गुलाबी, 'देवी ऊर्जा', 'तुझ्यातली राणी' वगैरे. पहिलं रीडिंग स्वस्त. दुसऱ्यात कळलं की घरात कुणाची तरी नजर आहे. तिसऱ्यात ती काढायचे पैसे. मग महिन्याचं पॅकेज. मावशी एकटी होती, रोज कुणीतरी तिला 'तू खास आहेस' म्हणत होतं, एवढ्यावर तिने पेन्शनमधले पैसे दिले. घरच्यांना कळलं तेव्हा तिला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते ओरडा बसण्याचं नाही, तर ते बोलणं बंद झाल्याचं.

म्हणून ओवींच्या गटाची गोष्ट मला पटली. मावशीला बोलायला माणसं हवी होती, ती पाचपाखाडीत फुकट मिळतायत. डेक स्त्रीकेंद्री आहे का, याच्या आधी बघायला हवं की अर्थ सांगण्याचा अधिकार कुणाच्या हातात आहे आणि त्याचे पैसे कुणाला जातात. सक्षमीकरणाचा शब्द वापरून बाईला दर महिन्याला परत यायला लावणारा माणूस तिला सक्षम होऊच देणार नाही.

---

कोकणकडा

मूळ गाव सावंतवाडीजवळ, आता घोडबंदर रोड. मदरपीसची कार्डं गोल आहेत हे वाचून लगेच आमच्या गंजिफा आठवल्या. ज्यांनी बघितल्या नसतील त्यांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात जाऊन जरूर बघाव्यात. लाखेचं काम केलेले हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफा म्हणजे १२० पत्ते: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. ही कला जवळपास संपली होती. राजेसाहेब शिवरामराजे आणि राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात चित्रकारांना बसवून ती पुन्हा उभी केली. राजमाता स्वतः हे काम शिकल्या, रंगवायला बसल्या.

मला वाटतं, आपल्या बायकांचा डेक करायचा तर कॅलिफोर्नियापेक्षा सावंतवाडी जवळ आहे. गोल पत्ता हातात फिरवत बघायचा असतो, त्याला सुलटी-उलटी बाजू नसते. मदरपीसवाल्या दोघींनी गोल आकार निवडून तेच साधलं, पत्ता किती कलला यावर त्या बोलतात. फक्त एक आहे, दशावतारी गंजिफांत दहाही राजे पुरुष. त्या दहा जागी कोण बसेल याचा विचार कोणी केला तर मला वाचायला आवडेल.

आणि तर्कसंगत यांना एक सांगायचंय. गावात देवाला कौल लावतात ते मी लहानपणापासून बघत आलोय. मूर्तीला कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, उजवी पडली तर होकार. आमच्या देवळात गाऱ्हाणं घालणारे मानकरी सगळे पुरुष. प्रश्न आईचा असला तरी तो विचारायचे काका, आणि त्यांच्या शब्दांत. आई मागे उभी. ओवींच्या गटात बाई स्वतः पत्ता ओढते आणि स्वतःच बोलते. श्रद्धा-अंधश्रद्धेचा वाद बाजूला ठेवला तरी हा फरक मला मोठा वाटतो.

---

खाडीची_लेक

दिवाळे कोळीवाडा, बेलापूर. धागा पहिल्यापासून वाचला आणि आता राहवत नाही म्हणून लिहिते.

टॅरोमध्ये दुसरं कार्ड पुजारीण, बरोबर? दोन खांबांच्या मधे बसलेली, मांडीवर पोथी. माझ्यासाठी ती आमची धवलारीण आहे. आगरी-कोळी लग्नात विधी करते ती बाई, धवले गाते ती बाई. हळद असो की देवांना आमंत्रण, तिच्या गाण्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. तिच्या हातात पोथी नाही, सगळं तोंडपाठ. माझ्या आजीच्या पिढीत प्रत्येक गावात धवलारीण होती, आता लग्नात डीजे लागतो आणि एखाद्या म्हातारीला कोपऱ्यात चार ओळी म्हणायला देतात. पुरोहितपण बाईकडे असणं ही कल्पना कॅलिफोर्नियातून आणायची गरज नाही. ती या खाडीच्या काठावर आहे.

तिसरं कार्ड सम्राज्ञी, गव्हाच्या शेतात गादीवर बसलेली. आमच्याकडे ती पहाटे बंदरावर जाऊन मासळी घेणारी, टोपली डोक्यावर घेऊन बाजारात बसणारी बाई. भाव तीच ठरवते आणि घरचा पैसाही तीच धरते. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० मध्ये आली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या. सातबारा पुरुषांच्या नावावर, पैसा त्यांच्या हातात आला. शेतात राबणाऱ्या, मिठागरात जाणाऱ्या बायकांचं काम गेलं आणि त्याचा मोबदला कुठल्याच कागदावर आला नाही. सम्राज्ञीचं कार्ड काढणार असाल तर हे पण त्यात यायला पाहिजे. नुसती नऊवारी, नथ आणि हसरा चेहरा काढून 'लोकल टच' दिलात तर ते आमचं चित्र नाही.

दुकानातले डेक बघून ओवी म्हणाल्या की स्वतःचा चेहरा सापडत नाही. मग आपणच काढू या ना.

---

कुंचला

खाडीची_लेक, हे वाचून मी कागद काढून बसलेय.

व्यवहाराचं बोलते. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. पामेला १९५१ मध्ये गेली, म्हणजे तिची १९०९ ची मूळ चित्रं आता कुणालाही वापरता येतात, त्यांवर आधारून नवी काढता येतात. नंतर दुसऱ्यांनी नव्याने रंगवलेल्या आवृत्त्या मात्र सोडून द्यायच्या. मदरपीसची चित्रं घ्यायची नाहीत, त्या चित्रकर्तींच्या हक्काची आहेत. ऑनलाइन अगदी स्वस्तात जे डेक मिळतात, पुस्तिकेऐवजी आत नुसता क्यूआर कोड असतो, छपाई अंधुक असते, ते बहुतेक चोरीचे असतात. ते घेऊ नका. पामेलाला मिळाले नाहीत ते पैसे निदान आजच्या चित्रकर्तीला मिळावेत.

सगळी ७८ करायला जाऊ नका, मेजरची २२ पुरेत. कागद ३०० जीएसएमच्या (कागदाच्या जाडपणाचं माप) खाली नको, नाहीतर पिसताना वाकतो. आकार मोठा असू द्या, चष्मा नसलेल्या आजींनाही चिखल दिसला पाहिजे. गोल कापायचे तर डाय (कापायचा साचा) करावी लागेल, त्याचा खर्च एकदाच येतो. ठाण्यात छापणारे भरपूर आहेत.

मेजरमधल्या आठव्या कार्डाचं, म्हणजे 'शक्ती'चं, मला सुचलंय. पामेलाच्या चित्रात बाई सिंहाच्या जबड्यावर हात ठेवून उभी आहे, तिच्या चेहऱ्यावर जोर नाही, घाई नाही. येऊरच्या पाड्यांवरच्या बायका बिबट्याच्या जंगलातून सरपण आणतात. ते चित्र काढायचं, पण आधी तिथे जाऊन, त्यांच्याशी बोलून.

---

तर्कसंगत

धवलारिणीचा प्रतिसाद फार आवडला. ही माहिती मला नव्हती. अशी चित्रं होणार असतील तर माझा अर्धा विरोध मावळला. उरलेला अर्धा ठेवतो: खोक्यावर ठळक अक्षरांत लिहा की हे पत्ते भविष्य सांगत नाहीत. आणि गटात नव्याने येणाऱ्या प्रत्येकीला समुपदेशक_खारघर यांचे नियम छापील द्या. छपाईच्या खर्चात माझा वाटा घ्यावा.

---

मोगरा_कळवा

मावशीला धागा वाचून दाखवला. तिला शनिवारी यायचंय. पत्ते ओढणार नाही म्हणतेय, फक्त बसेन.

---

ओवी_ठाणे

मोगरा, मावशींना जरूर आणा. न ओढता बसणाऱ्या आमच्याकडे आधीपासून आहेत.

सगळ्यांचे प्रतिसाद काल गटात वाचले. नवा डेक सध्या घ्यायचा नाही असं ठरलं. मदरपीसच्या कडा पारदर्शक चिकटपट्टीने सांधून तोच चालवू आणि तो पैसा २२ कार्डांच्या छपाईला ठेवू. तर्कसंगत यांची अट मान्य आहे. वाटाही घेऊ. समुपदेशक_खारघर, तुमचे नियम मी एका पानात उतरवलेत, तुम्ही एकदा तपासून द्याल का? दहा मिनिटं लिहिण्याचं येत्या बैठकीपासून सुरू करतोय.

खाडीची_लेक, सम्राज्ञी आणि पुजारीण तुमच्याकडे. चित्र काढता येत नसलं तरी चालेल, त्यात काय काय असलं पाहिजे ते तुम्ही सांगायचं आणि कुंचला काढतील. कार्डावर दोघींची नावं येतील. जमलं तर आजींकडून धवल्याच्या काही ओळी लिहून किंवा मोबाइलवर भरून ठेवा, कार्ड होवो न होवो. कोकणकडा, दहा अवतारांच्या जागी कोण, ही यादी गटातल्या शिक्षिका करतायत. मुक्ताई आणि जनाईवर एकमत झालंय, बाकी आठांवर वाद चालू आहे. तलवारची अठ्ठी २२ मध्ये येत नाही, पण मावशींचा आग्रह आहे की ती तेविसावी म्हणून घालायचीच आणि त्यात बांधणारेही दाखवायचे.

पारसिकवारा, बेलापूरच्या दोघी-तिघी आणि खाडीची_लेक मिळून तिकडे बसणार असाल तर पहिल्या वेळी मी जुना डेक घेऊन येते. वार आणि जागा इथेच कळवा.